पाठाखालची नागमोडी रेघ

हिंगोली हा जिल्हा म्हणून तसा तरुणच. १ मे १९९९ रोजी तो परभणीतून वेगळा झाला. मराठी साहित्याच्या नकाशावर मात्र या भूमीला सातशे वर्षांचे स्थान आहे. नामदेवांचे जन्मस्थान म्हणून परंपरेने मानलेले नरसी याच जिल्ह्यात, आणि विसोबा खेचरांची व त्यांची भेट जिथे झाली असे परंपरा सांगते ते औंढा नागनाथही इथलेच. नामदेवांचे कीर्तन ऐकण्यासाठी देऊळच फिरले, ही आख्यायिका औंढ्याला गेलेल्या प्रत्येकाने ऐकलेली असते. आता त्याच औंढ्याच्या परिसरात ऐकण्याचे आणखी एक साधन उभे राहायचे आहे. लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये पूर्ण मंजुरी दिली. खर्च सुमारे २,६०० कोटी रुपये, आणि एकमेकींना काटकोनात असलेल्या दोन भुजा, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या. मंजुरीच्या वेळी २०३० हे वर्ष डोळ्यांपुढे ठेवले होते.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी या वेधशाळेची दखल का घ्यावी, असा प्रश्न वाचकांना पडेल. आमचे उत्तर असे, की अशा वेधशाळेत जे काम चालते ते बऱ्याच अंशी पाठचिकित्सेचे असते. हाती आलेल्या नोंदीत आवाज कोणता आणि गोंगाट कोणता, हे तिथे ठरवायचे असते. ते ठरवण्याचे साधन असते संख्याशास्त्रीय आज्ञावली, आणि ही आज्ञावली एका लेखकाची नसते. ती शेकडो हातांनी लिहिलेली, उघड्यावर ठेवलेली आणि सतत वादात असलेली संहिता आहे. तिच्या इतिहासातून आपल्या गाथांविषयी काही शिकता येईल का, हे पाहण्याचा हा प्रयत्न.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथील दोन वेधयंत्रांत एक नोंद उमटली. दोन यंत्रांत सुमारे ३,००० किलोमीटरचे अंतर. लिव्हिंग्स्टनला ती सुमारे सात सहस्रांश सेकंद आधी पोहोचली. चार किलोमीटरच्या भुजेच्या लांबीत झालेला बदल प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी लहान होता. एवढी सूक्ष्म थरथर डोळ्यांनी वाचून कोणी छातीठोक निवाडा देऊ शकत नाही. ती गणिताने वाचावी लागते.

या वाचनाच्या पद्धतीत महाराष्ट्राचा वाटा आहे. पुण्याच्या ‘आयुका’मध्ये काम करीत असताना बी. एस. सत्यप्रकाश आणि संजीव धुरंधर यांनी १९९१ साली एक निबंध प्रसिद्ध केला. एकमेकांभोवती फिरत एकरूप होणाऱ्या दोन ताऱ्यांची लहर कशी दिसेल, याचे सैद्धांतिक नमुने आधी तयार करायचे आणि मिळालेली नोंद त्या प्रत्येकाशी ताडून पाहायची, तर असे नमुने किती घ्यावेत आणि कसे निवडावेत, हा त्यांचा प्रश्न होता. लायगोची उभारणी तेव्हा सुरूही झालेली नव्हती. २०१५ च्या शोधात असे सुमारे अडीच लाख नमुने वापरले गेले.

पण नमुना जुळला म्हणजे लहर सापडली, असे नाही. गोंगाटही अधूनमधून नमुन्यासारखा भासतो. तो किती वेळा तसा भासतो, हे मोजण्याची युक्ती साधी आणि सुंदर आहे. एका यंत्राची नोंद दुसऱ्याच्या तुलनेत मुद्दाम थोडी पुढे सरकवायची. प्रकाशाच्या वेगाने जाणाऱ्या लहरीला दोन यंत्रांमधले अंतर कापण्यास दहा सहस्रांश सेकंद पुरतात. त्याहून अधिक सरकवल्यावर जो काही योगायोग जुळेल तो खोटाच असणार. असे पुन्हा पुन्हा करून खोट्या योगायोगांची मोजदाद करायची. सोळा दिवसांच्या नोंदींवर ही क्रिया केल्यानंतर निष्कर्ष निघाला, की इतकी ठळक खोटी जुळणी २,०३,००० वर्षांत एकदाही होण्याची शक्यता नाही. मग ११ फेब्रुवारी २०१६ रोजी शोध जाहीर झाला.

ज्या आज्ञावलींनी हे काम केले त्यांपैकी ‘पायसीबीसी’ आणि ‘लालसूट’ या मुक्त परवान्याखालच्या आहेत. कोणीही त्या वाचाव्यात, चालवाव्यात, बदलाव्यात. ही रीत त्यांनी शोधलेली नाही. संख्याशास्त्रात तिचा मोठा आदर्श ‘आर’ ही भाषा आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७६ पासून जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘एस’ ही भाषा घडवली. तिच्या वळणावर न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी ‘आर’ लिहिली, १९९५ साली ती मुक्त परवान्याखाली दिली, आणि १९९७ पासून तिची निगा एका मंडळाकडे आली. पहिली पूर्ण आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० ची.

या मंडळाभोवती जे वाद झाले, त्यांतला एक भाषेच्या अभ्यासकांनी मुद्दाम पाहावा. तक्त्यात शब्दांचा स्तंभ आला तर त्याला मजकूर मानायचे की वर्ग? समजा, एका स्तंभात वसमत, कळमनुरी, सेनगाव अशी नावे आहेत. जुन्या ‘आर’ला ती नावे दिसत नसत. तिला दिसत क्रमांक दिलेले कप्पे. संख्याशास्त्रज्ञाच्या दृष्टीने ते योग्यच होते, कारण त्याला तालुकावार तुलना करायची असते. पण ज्यांच्या तक्त्यात पत्रे, अभिप्राय किंवा ओव्या होत्या त्यांच्या लेखी शब्दाचा कप्पा होणे म्हणजे अनर्थ होता. वर्षानुवर्षे तक्रारी झाल्या. जुनी गणिते मोडतील म्हणून बदल लांबत राहिला. अखेर एप्रिल २०२० मधील ४.०.० या आवृत्तीपासून शब्द हा आधी शब्दच, असे ठरले.

दुसरा वाद अधिक बोलका. समष्टीतून यादृच्छिक नमुना काढण्याची ‘आर’मधील पद्धत फार मोठ्या समष्टीच्या बाबतीत सर्व घटकांना समान संधी देत नाही, हे केली ओटोबोनी आणि फिलिप स्टार्क यांनी दाखवून दिले. २०१९ च्या ३.६.० या आवृत्तीत पद्धत सुधारली. मात्र जुनी सदोष पद्धत पुसून टाकली नाही. ती मागून घेता येते, कारण तिच्या आधारे निघालेले जुने निष्कर्ष पुन्हा पडताळता आले पाहिजेत. चूक दुरुस्त करायची, पण तिचा पुरावा नष्ट करायचा नाही, ही संपादकीय नीती आपल्याकडच्या किती गाथांनी पाळली असेल?

आता पुन्हा लायगोकडे. शोधाबरोबरच त्यामागच्या नोंदी सर्वांसाठी खुल्या झाल्या होत्या. कोपनहेगनच्या नील्स बोर संस्थेतील जेम्स क्रेसवेल, अँड्र्यू जॅक्सन आणि सहकाऱ्यांनी त्या स्वतंत्रपणे तपासल्या, आणि जून २०१७ मध्ये जाहीर केले, की लहर वजा केल्यावर उरणाऱ्या गोंगाटातही दोन्ही यंत्रांत साम्य आढळते, आणि तेही सुमारे सात सहस्रांश सेकंदांच्याच फरकाने. हे खरे असते तर शोधाचा पायाच हलला असता, कारण दोन यंत्रांचा गोंगाट परस्परांशी असंबद्ध असतो या गृहीतावर ती सारी मोजदाद उभी होती. लायगोचे इयान हॅरी यांनी तेच गणित उघडपणे पुन्हा करून दाखवले. नोंदीचा तुकडा कापताना त्याची टोके हळूहळू शून्यावर न आणल्यामुळे काही साम्य गणिताच्या रीतीतूनच उत्पन्न होते, असा त्यांचा मुद्दा होता. डॅनिश गटाला तो मान्य झाला नाही.

आम्हांला यातला पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. शोधनिबंधातील गाजलेल्या आकृतीचा काही भाग प्रत्यक्ष गणनेतून आलेला नव्हता. तो वाचकाला समजावे म्हणून वेगळा तयार केला होता, आणि निबंधात ते पुरेसे स्पष्ट नव्हते. टीकाकारांच्या आग्रहाने ही गोष्ट उजेडात आली. २०१९ मध्ये नील्सन, निट्झ, कपानो आणि ब्राऊन यांच्या स्वतंत्र तपासणीत उरलेला गोंगाट निव्वळ गोंगाटच ठरला, आणि त्याच वर्षी लायगो व व्हर्गो गटांनी आपल्या पद्धतीचे सविस्तर विवेचन मांडले. म्हणजे शोध टिकला आणि टीकाही वाया गेली नाही. संहिता बंद असती, तर एका बाजूला अधिकारवाणी आणि दुसऱ्या बाजूला संशय, एवढेच उरले असते.

१२ ऑक्टोबर २०१५ च्या एका नोंदीची कथाही अशीच. आरंभी तिला लहर म्हणण्याइतका पुरावा नव्हता, म्हणून तिला ‘एलव्हीटी’ हे संशयितांचे नाव मिळाले. पुढे आज्ञावली सुधारल्या, २०१८ च्या अखेरीच्या सूचीत ती लहरींच्या पंक्तीत बसली आणि तिचे नाव बदलले. याउलट खुल्या नोंदींमधून प्रिन्स्टनच्या एका गटाने पुढे केलेल्या १६ डिसेंबर २०१५ च्या घटनेला इतरांच्या गणनेने दुजोरा दिला नाही. पुढील सूच्यांत प्रत्येक घटनेपुढे ती खरोखर आकाशातली असण्याची संभाव्यता छापली जाते.

इथे आम्हांला विष्णु सीताराम सुकथनकरांची आठवण होते. भांडारकर संस्थेच्या महाभारत प्रकल्पाची सूत्रे त्यांनी १९२५ साली घेतली आणि आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण केले. त्या आवृत्तीत जो पाठ संपादकाला निश्चित वाटत नाही त्याखाली नागमोडी रेघ असते, आणि नाकारलेले पाठ पानाच्या तळाशी जपलेले असतात. वाचकाने संपादकाशी भांडावे, यासाठीच ही सारी सामग्री त्याच्या हाती दिलेली आहे. संभाव्यतेचा आकडा आणि ही नागमोडी रेघ यांचा अर्थ एकच आहे: आमचा निवाडा हा, आणि त्यावरचा आमचा भरवसा इतका.

नामदेवांच्या बाबतीत ही रेघ आपण क्वचितच ओढतो. ‘नामा म्हणे’ या मुद्रेखाली अनेक नाम्यांची रचना एकत्र आली आहे. सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा हे त्यांतले प्रसिद्ध नाव. १६०४ साली सिद्ध झालेल्या आदिग्रंथात नामदेवांची म्हणून ६१ पदे आहेत. त्यांची भाषा वेगळी, वळण वेगळे. महाराष्ट्र शासनाने १९७० साली गाथा प्रसिद्ध केली, तरी कोणता अभंग कोणाचा, हा वाद संपलेला नाही. एका बाजूला तो भक्तिभावाने टाळला जातो आणि दुसऱ्या बाजूला एका फटकाऱ्यात शेकडो अभंग प्रक्षिप्त ठरवले जातात. ‘संशयित’ या नावाचा सन्माननीय मधला कप्पा आपल्याकडे रुजला नाही.

साम्य फार ताणू नये, हेही खरे. आज्ञावलीत प्रत्येक बदलापुढे बदलणाऱ्याचे नाव आणि दिनांक नोंदलेला असतो. वारकऱ्याने आपला अभंग नाम्याच्या मुद्रेत विरघळवला तो नाव पुसण्यासाठीच. त्या विसर्जनाला स्वतःचा अर्थ आहे, आणि तो मोजणीने हाती येणार नाही. शिवाय आज्ञावली चुकली तर गणित बिघडते. अभंग मात्र ‘चुकीच्या’ नाम्याचा ठरला तरी गाणाऱ्याचे काही बिघडत नाही.

निगा राखणाऱ्यांची उपेक्षा मात्र दोन्हीकडे सारखीच. पायसीबीसीसारख्या आज्ञावली ज्या पायावर उभ्या आहेत त्यांतील ‘नमपाय’ या गणिती संचाची पहिली पूर्ण आवृत्ती २००६ ची. तिच्या विकासाला पहिला स्वतंत्र निधी मिळाला २०१७ साली, म्हणजे लहर सापडून गेल्यावर. विश्वाचा आवाज जगाने ऐकला तो बऱ्याच अंशी विनामूल्य श्रमांवर. आपल्याकडे बाडे उतरवून काढणाऱ्या, पाठभेद टिपणाऱ्या कितीकांची नावे प्रस्तावनेच्या शेवटच्या परिच्छेदातही नसतात.

हिंगोलीपुरता प्रश्न याहून थेट आहे. वेधशाळेसाठी हा जिल्हा आपली जमीन आणि शांतता देतो आहे. २०११ च्या जनगणनेनुसार ११,७७,३४५ लोकसंख्येच्या या जिल्ह्याच्या वाट्याला त्या बदल्यात दुरून दिसणारी एक कुंपणबंद वास्तू यावी की त्या संभाषणात एक जागा? जागा रिकामी आहे, कारण संहिता उघडी आहे. २०१५ च्या नोंदी आणि त्या वाचणारी आज्ञावली सेनगावच्या महाविद्यालयातील संगणकावरही उतरवून घेता येते. अडसर भाषेचा आणि सवयीचा आहे. मुंबईच्या आयआयटीने मुक्त आज्ञावलींचे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत तयार करून भाषेचा अडसर थोडा कमी केला आहे. सवयीचे काम मात्र शिक्षकांचे. छापलेल्या निष्कर्षाला प्रश्न विचारणे, आपला प्रश्न पुराव्यासह मांडणे आणि उत्तर पटले तर तसे म्हणणे, ही सवय संख्याशास्त्राच्या वर्गात लागली काय किंवा मराठीच्या वर्गात लागली काय, ती एकच.

म्हणून आमची सूचना साधी आहे. नामदेवांची गाथा अशा उघड्या संहितेच्या रूपाने मांडली जावी. प्रत्येक अभंगापाशी तो कोणकोणत्या बाडांत मिळतो, पाठभेद कोणते, तो कोणत्या नाम्याचा असावा आणि असे मानणाऱ्याची कारणे कोणती, हे नोंदलेले असावे. मत बदलले तर जुने मत पुसू नये. जिथे खात्री नाही तिथे सुकथनकरांची रेघ ओढावी. आणि हे काम नरसीपासून जवळच्या एखाद्या महाविद्यालयात, मराठीच्या आणि संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी एकाच बाकावर बसून सुरू करावे. औंढ्याचे यंत्र चालू होण्यास अजून अवकाश आहे. गाथेची बाडे तेवढा काळ थांबतीलच, याची खात्री मात्र कोणी देऊ शकत नाही.