१८ एप्रिल १८७४ : नाशिकच्या शाळेतला जेकब

लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत या दिवशी आफ्रिकेत फिरलेले मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन यांचा दफनविधी झाला. शवपेटी वाहणाऱ्या मानकऱ्यांमध्ये जेकब वेनराइट हा एकमेव आफ्रिकी तरुण होता. गुलामांच्या व्यापारातून सुटलेला जेकब नाशिकच्या शरणपूरला मिशनच्या शाळेत शिकला होता. नाशिकचा शरणपूर रोड मिशनच्या याच वसाहतीच्या नावाचा.

१८७३ मध्ये आफ्रिकेतल्या चितांबो गावी लिव्हिंगस्टन वारले, तेव्हा त्यांचं हृदय तिथल्या झाडाखाली पुरलं गेलं. प्रार्थना जेकबने वाचली, झाडाच्या खोडावर नाव-तारीखही त्यानेच कोरली. मग सुसी, चुमा, जेकब आणि इतर सोबत्यांनी मृतदेह दीड हजार किलोमीटरहून अधिक वाहून किनाऱ्यापर्यंत आणला. एवढं थोर काम करणाऱ्यांची नावं आपल्या पाठ्यपुस्तकांत असायलाच हवीत.

जेकबला शिकवणाऱ्या मिशनचा आधार असलेलं बायबल गुलामगिरीच्या वादात दोन्ही बाजूंनी वापरलं गेलं. अमेरिकेतले मळेवाले ते दाखवूनच गुलामगिरीचं समर्थन करत. क्वेकर पंथाचे लोक आणि ब्रिटिश खासदार विल्बरफोर्स त्याच बायबलच्या आधारे तिच्याविरुद्ध लढले. इकडे महाराष्ट्रात जोतीराव फुलेही जेकबसारखेच मिशनच्या, स्कॉटिश मिशनच्या, शाळेत शिकले. लिव्हिंगस्टन वारले त्या १८७३ मध्येच फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतल्या गुलाममुक्तीच्या कैवाऱ्यांना अर्पण केला.