भैया चौक ते जपानी शब्द

सोलापूरच्या बाजारात उभं राहिलं की एका कानावर कन्नड पडते, दुसऱ्या कानावर तेलुगू, आणि भावाची घासाघीस मराठीत चालते. दुसऱ्याची भाषा कानानं शिकणं आपल्याला नवं नाही. आज त्याचाच थोडा इतिहास सांगतो.

भैया चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं घर आहे. आता तिथे स्मारक आहे. सोलापुरात १९१० साली जन्मलेले हे डॉक्टर १९३८ मध्ये चार सहकारी डॉक्टरांसोबत चीनला गेले. जपाननं चीनवर आक्रमण केलं होतं आणि जखमींना डॉक्टर हवे होते. पण कुठं दुखतंय, हे विचारायलाही चिनी यायला हवी. कोटणीस ती बोलायला, वाचायला शिकले. ना मोबाईल, ना ॲप. भोवतीची माणसं हेच त्यांचं पुस्तक. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, ते तिथेच वारले.

पुढे साधनं बदलली. आपल्याच माढा तालुक्यात परितेवाडीच्या शाळेत पुस्तक मुलांच्या घरच्या भाषेत नव्हतं. रणजितसिंह डिसले गुरुजी आधी स्वतः मुलांची कन्नड शिकले. मग पुस्तकात क्यूआर कोड छापले. फोन त्यावर धरला की कविता ऐकू येई, धडा दिसे. २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला.

त्याच वर्षी संभाजीनगरजवळच्या गाडिवाट गावाची बातमी आली. तिथल्या जिल्हा परिषद शाळेनं मुलांना विचारलं, कोणती परकी भाषा शिकाल? रोबोटची आवड असलेली मुलं म्हणाली, जपानी. पुस्तकं नव्हती. गुरुजींनी इंटरनेटवरचे व्हिडिओ आणि भाषांतराची ॲप धुंडाळली. शहरातल्या एका जाणकारानं ऑनलाइन तास फुकट घेतले. ज्यांच्या घरी फोन नव्हता, त्यांना तासाला बसलेली मुलं शिकवू लागली. या मुलांना नाव मिळालं 'विषयमित्र'.

जपानी वाटते तेवढी परकी नाही. स्वर अ, इ, उ, ए, ओ. पुढे क, स, त, न, ह, म या ओळी. हा क्रम बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अभ्यासातून आला. वाक्यात क्रियापद आपल्यासारखंच शेवटी येतं. 'मिझु' म्हणजे पाणी, 'मिझु ओ नोमिमासु' म्हणजे पाणी पिते. चित्राक्षरं मात्र चीनकडून आलेली. पाण्याचं अक्षर दोन्हीकडे एकच, उच्चार वेगळा.

ॲप काय करतं? शब्द ऐकवतं, आणि विसरायच्या सुमाराला तोच पुन्हा विचारतं. आज, परवा, मग आठवड्यानं. पाठ झालेला शब्द उशिरा येतो, चुकलेला लवकर.

हे आत्ता का सांगतोय? जानेवारी २०२१ मध्ये भारत-जपान करार झाला. त्यातून आजारी-वृद्धांच्या सेवेसारख्या कामांसाठी आपली मुलं-मुली तिकडे जाऊ शकतात. पण कामाच्या परीक्षेबरोबर जपानी भाषेचीही परीक्षा द्यावी लागते. आपल्याकडे नर्सिंग शिकणाऱ्या मुली आहेत. आणि घरात फोन बहुतेक वेळा एकच, तोही बापाच्या नाहीतर भावाच्या खिशात. रात्री तो मोकळा होतो, तेव्हा पोरगी भांडी घासत असते.

म्हणून बचत गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं ठरवू या: रोज अर्धा तास घरातला फोन मुलीच्या हातात. तिनं पाच शब्द ऐकावे, वहीत लिहावे आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या मुलीला सांगावे. आपणही ऐकावे. 'मिझु' तर आपल्याला आलाच.