तिसऱ्यांचा हिशोब : अष्टमुडीच्या खाडीची गोष्ट



मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब चालला होता. तीन जणींचा हप्ता राहिला होता. तिघीही खाडीत तिसऱ्या काढणाऱ्या. त्यातल्या एका मावशींनी पिशवीतून मूठभर तिसऱ्या काढल्या आणि वहीशेजारी ठेवल्या. नखाएवढ्या होत्या. मावशी म्हणाल्या, "पूर्वी असल्या आम्ही परत पाण्यात टाकायचो. आता ह्याच मिळतात. आणि मी नाही काढल्या, तर उद्या दुसरी काढेल."

हे शेवटचं वाक्य आमच्या मनातून जाईना. म्हणून आज तुम्हाला केरळमधल्या एका खाडीचा इतिहास सांगतो. तिथेही नेमका हाच प्रश्न उभा राहिला होता.

कोल्लम जिल्ह्यात अष्टमुडी नावाचा मोठा जलाशय आहे. नींदकरा इथे तो समुद्राला मिळतो. त्याच्या वाळूत आपल्याकडच्यासारखीच तिसरी वाढते. पूर्वी ती घरच्या कालवणापुरती आणि गावच्या बाजारापुरती काढली जायची. 1981च्या सुमारास परदेशातून मागणी आली आणि धंदा वाढला. कोणी बुडी मारून, कोणी छोट्या होडीतून लांब काठीला लावलेल्या जाळीने तळ खरवडून तिसऱ्या काढू लागलं. उकडून मांस वेगळं करण्याच्या कामात बायका मोठ्या संख्येने होत्या. काढणं, साफ करणं, विकणं मिळून सुमारे 3,000 लोकांचं पोट यावर चालू लागलं.

1991 साली तिथे वर्षाला 10,000 टन तिसऱ्या निघाल्या. दोनच वर्षांत, 1993 मध्ये, हा आकडा निम्म्यावर आला. कारण साधं होतं. वाढायच्या आधीच तिसऱ्या काढल्या जात होत्या. प्रत्येकाला वाटत होतं, मी थांबलो तर दुसरा नेईल.

मग केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी अभ्यास करून उपाय सुचवले आणि नियम झाले. ते अगदी मोजके होते. डिसेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे तिसऱ्यांच्या प्रजननाच्या काळात, काढणं बंद. जाळीचं भोक 30 मिलिमीटरपेक्षा लहान नको, म्हणजे बारीक तिसरी खाली गळून पडेल. यंत्राने तळ खरवडायचा नाही. आणि परदेशी जाणाऱ्या मालात एक किलो मांसात 1,400 पेक्षा जास्त नग नकोत. हा शेवटचा नियम आम्हाला फार हुशारीचा वाटतो. बारीक तिसऱ्या असतील तर किलोत नग जास्त भरणार. मग तो माल निर्यातीला चालणार नाही. म्हणजे व्यापारीच बारीक माल नाकारणार. राखण फक्त काढणाऱ्याच्या डोक्यावर राहिली नाही.

या चारही नियमांच्या मुळाशी एकच हेतू आहे : प्रत्येक तिसरीला विकण्याआधी वाढायला आणि पिल्लं द्यायला वेळ मिळावा. आधी हेतू ठरवायचा, मग तो साधेल असे नियम करायचे, मग दरवर्षी मोजून बघायचं. मासेमारीच्या व्यवस्थापनाची ही रीत आता जगभर मानली जाते. आपल्या गटाचंही तेच नाही का? कर्ज कशासाठी ते आधी, हप्ता किती ते नंतर, आणि वही दर महिन्याला सगळ्यांसमोर उघडायची.

अष्टमुडीत उत्पादन सावरलं आणि पुढे बरीच वर्षं टिकलं. नंतर काढणारे, व्यापारी, शास्त्रज्ञ आणि सरकारी अधिकारी यांना एकत्र बसवणारी एक परिषदही झाली. 2014च्या नोव्हेंबरमध्ये या मासेमारीला मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल या आंतरराष्ट्रीय संस्थेचं प्रमाणपत्र मिळालं. भारतात असं प्रमाणपत्र मिळवणारी ती पहिली मासेमारी. त्यासाठी तीन गोष्टी तपासल्या जातात : साठा पुरेसा आहे का, आजूबाजूच्या जीवांना इजा होते का, आणि कारभार नीट चालतो का.

इथे गोष्ट संपली असती तर सांगायला गोड वाटली असती. पण गेल्या काही वर्षांत अष्टमुडीतलं उत्पादन पुन्हा घसरलं, 1,000 टनांच्याही खाली गेलं. शास्त्रज्ञ त्याची कारणं सांगतात ती अशी : पाण्याचं प्रदूषण, बदलतं हवामान, आणि दक्षिण अमेरिकेकडून आलेला एक परका शिंपला, जो तिथे पसरून जागा अडवतो. 2023 मध्ये संशोधन संस्थेने आपल्या केंद्रात तयार केलेली 30 लाख पिल्लं जलाशयात सोडली, साठा पुन्हा उभा राहावा म्हणून.

मग नियम फुकट गेले का? आम्हाला तसं वाटत नाही. नियमांनी काढणाऱ्यांचे हात आवरले, आणि त्या बळावर बरीच वर्षं घरं चालली. पण जलाशयात येणारं सांडपाणी काढणाऱ्यांच्या हातात नव्हतं. म्हणून हेतू ठरवताना फक्त "किती काढायचं" एवढंच लिहून भागत नाही. "पाणी कसं राहायला हवं" हेही लिहावं लागतं, आणि ज्यांच्यामुळे पाणी बिघडतं त्यांनाही बैठकीला बोलवावं लागतं.

आपल्याकडेही नियम होतेच. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होडी समुद्रात घालायची नाही, हा आपल्या कोळी बांधवांचा जुना दंडक. पावसाळ्यात दर्या खवळलेला असतो आणि कितीतरी मासे अंडी घालत असतात. जीवही वाचत होता आणि बीजही.

मावशींच्या मुठीतल्या तिसऱ्यांवर त्या दिवशी आम्ही दोन तास बोललो. खाडीवर जाणाऱ्या सगळ्या जणी, शेजारच्या गावातल्यासुद्धा, एकत्र बसल्याशिवाय काही ठरणार नाही, हे सगळ्यांना पटलं. एकट्या गटाने थांबून उपयोग नाही. एकीने विचारलं, "बंद ठेवायची, तर त्या महिन्यांत चूल कशी पेटवायची?" प्रश्न खरा होता. त्यावर एवढंच ठरलं आहे : बंदीच्या महिन्यांसाठी दर आठवड्याला थोडी वेगळी बचत, आणि त्या महिन्यांत हप्त्याला सवलत. बाकीचं शेजारच्या गावांबरोबर बसून ठरेल. मत्स्य विभागाच्या अधिकाऱ्यांनाही त्या बैठकीला बोलावणार आहोत.

तोवर आम्ही एक वही सुरू केली आहे. कोणत्या ओहोटीला, कोणत्या जागी, किती टोपल्या निघाल्या आणि त्यात बारीक किती, एवढंच तिच्यात लिहितो. तुमच्या गावातही कोणी तिसऱ्या काढत असेल, तर तुम्हीही अशी वही घाला. पुढच्या वर्षी दोन्ही वह्या शेजारी ठेवून बोलू.