संगणकाचा आवाज सुधारावा का? तबकडीच्या इतिहासाचे उत्तर

🧵 १/ चांदवडचा रंगमहाल अहिल्याबाई होळकरांच्या काळातील. त्याचे काष्ठकाम आजही पाहता येते. त्या काळच्या गायनाचा मात्र एकही स्वर उरलेला नाही. ध्वनी साठवून पुन्हा ऐकवणारे एडिसनचे यंत्र १८७७ मध्ये, अहिल्याबाईंच्या निधनानंतर ८२ वर्षांनी अवतरले.

२/ आज त्याच चांदवडमधील एखाद्या घरात शेकडो तासांचे संगीत संगणकात मावते. तो हाय-फायला जोडताना प्रश्न पडतो: साठवलेल्या आकड्यांचे ध्वनिसंकेतात रूपांतर करणारे वेगळे उपकरण, म्हणजे ‘डॅक’, विकत घ्यावे का? याचे उत्तर तबकडीच्या इतिहासात सापडते.

३/ १९०२ मध्ये फ्रेड गायस्बर्गने कलकत्त्यात गौहर जान यांचे गायन मुद्रित केले. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायकाने कर्ण्यात तोंड घालून जोराने गावे, कंपनांनी सुई हलावी आणि मेणात रेघ उमटावी, अशी ती पद्धत. आवाजातील बारकावे वाटेतच गळत.

४/ १९२५ मध्ये विद्युत् ध्वनिमुद्रण आले. मिरजेचे अब्दुल करीम खाँ १९०५ च्या सुमारास कर्ण्यासमोर गायले होते. १९३० च्या दशकात ते मायक्रोफोनसमोर गायले. त्यांचा नाजूक, सुरेल आवाज खऱ्या अर्थाने टिकला तो या दुसऱ्या खेपेस. ही सुधारणा कोणत्याही कानाला कळणारी होती.

५/ १९४८ मध्ये एल.पी. आली. तीन-साडेतीन मिनिटांत आटोपावा लागणारा राग एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक फुलू लागला. हाही मोठा पल्ला.

६/ १९८२ मध्ये सी.डी. आली: सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिट. यात सुमारे २२,००० हर्ट्झपर्यंतचा ध्वनी मावतो. मानवी कानाची मर्यादा तारुण्यातही २०,००० च्या आसपास. वयाबरोबर ती उतरते.

७/ त्यापुढे आकडे वाढत गेले, पण कानांनी साथ दिली नाही. २००७ मध्ये मायर व मोरान यांनी अमेरिकेत चाचणी घेतली. उच्च प्रतीचे ध्वनिमुद्रण आणि तेच सी.डी.च्या दर्जाला उतरवलेले, यांतला फरक ५५४ प्रयत्नांत २७६ वेळा अचूक ओळखला गेला. नाणे उडवूनही जवळपास तेवढेच साधले असते.

८/ उलट, जुन्या तबकडीचा वेग चुकला तर काय होते? ७८ फेऱ्यांची तबकडी ८० ने फिरवली की सूर जवळजवळ पाव स्वराने चढतो. षड्जच ढळला, तर महागडे डॅक तो चढलेला सूरच निष्ठेने ऐकवील!

९/ म्हणून निर्णयाचा क्रम असा. संगीत थांबवून ॲम्प्लिफायरचा आवाज वाढवावा. माउस हलवताना खरखर किंवा गुणगुण ऐकू आली, तर संगणकाबाहेरचे साधे डॅक उपयोगी पडते. शांतता असेल, तर पैसा स्पीकर, त्यांची मांडणी आणि चांगले मूळ ध्वनिमुद्रण यांवर खर्चावा. दोन उपकरणांची तुलना करताना दोन्हींचा आवाज समान ठेवावा. किंचित मोठा आवाज नेहमीच सरस भासतो.

१०/ कर्ण्यापासून मायक्रोफोनपर्यंतची सुधारणा सिद्ध करायला आकडे लागले नाहीत. जी सुधारणा केवळ आकड्यांतच दिसते, तिच्यासाठी थांबायला हरकत नाही. माळ्यावरच्या तबकड्या मात्र थांबणार नाहीत. त्या फुटण्यापूर्वी, योग्य वेगाने, संगणकात उतरवणे हीच पहिली सुधारणा.