पाथरीचा कैदी आणि जंजिऱ्याचे हबशी

परभणी जिल्ह्यातील पाथरी हे गोदावरीच्या खोऱ्यातील जुने ठाणे आणि रायगड जिल्ह्यात मुरूडजवळ भर समुद्रात उभा असलेला, आज निर्मनुष्य झालेला जंजिरा, यांच्यामध्ये महाराष्ट्राचा मोठा भाग आडवा पसरलेला असला, तरी या दोन स्थळांचा इतिहास एकाच प्रथेने जोडलेला आहे. ती प्रथा म्हणजे माणसाला पकडून, त्याचे नाव आणि धर्म बदलून, त्याला दरबाराच्या वा सरदाराच्या मालकीचा करणारी मध्ययुगीन गुलामगिरी. राजपुरीहून शिडाच्या होड्यांतून किल्ल्यावर जाणाऱ्या पर्यटकांना अजिंक्यपणाची आणि ‘कलालबांगडी’ तोफेची कथा हमखास ऐकायला मिळते, पण पाथरीचे नाव त्या कथेत येत नाही.

फरिश्ता या सतराव्या शतकाच्या आरंभीच्या इतिहासकाराने दिलेल्या वृत्तांतानुसार, पाथरीच्या कुलकर्णी घराण्यातील तिमापा नावाचा ब्राह्मण मुलगा विजयनगरच्या मोहिमेत बहमनी सुलतान अहमदशहाच्या सैन्याच्या हाती सापडला, त्याला मुसलमान करून मलिक हसन हे नाव देण्यात आले आणि शाही गुलामांत त्याची गणना झाली. हा गुलाम पुढे बहमनी राज्याच्या कारभारातील सर्वांत बलवान पुरुषांपैकी एक झाला, आणि त्याचा मुलगा मलिक अहमद याने 1490 मध्ये स्वतंत्र होऊन अहमदनगरची निजामशाही स्थापन केली. मूळ गावाची ओढ या घराण्यात टिकून होती, कारण अहमदचा मुलगा बुऱ्हाण निजामशहा याने वऱ्हाडच्या इमादशहाकडे पाथरी अदलाबदलीने मागितली आणि नकार मिळताच 1518 मध्ये ती लढून घेतली.

कोकणातील दंडा-राजपुरी, म्हणजे जंजिऱ्यासमोरचा किनारा, याच नव्या राजवटीच्या टाचेखाली आली. त्या काळी जंजिऱ्याच्या बेटावर कोळ्यांचा मेढेकोट, म्हणजे जाड लाकडी ओंडके एकमेकांना चिकटून रोवून केलेला तट होता आणि त्याचा प्रमुख रामा पाटील हा निजामशाही अधिकाऱ्यांना दाद देत नव्हता. परंपरा सांगते की, पीरमखान नावाच्या सरदाराने व्यापाऱ्याचा वेष घेऊन बेटावर आश्रय मागितला, मद्याची पिंपे भेट दिली आणि कोळी नशेत असताना गलबतात लपविलेल्या माणसांकरवी मेढेकोट ताब्यात घेतला. या कथेचे तपशील जनश्रुतीचे आहेत. मात्र ज्या कोळ्यांनी हे बेट प्रथम वसविले, त्यांच्या हातून ते कायमचे गेले, एवढे निश्चित. आजचा दगडी कोट त्यानंतर, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभा राहू लागला.

या कोटाचे धनी झालेले सिद्दी अथवा हबशी, म्हणजे पूर्व आफ्रिकेतून दख्खनमध्ये आलेले लोक, स्वतःही बहुतांशी गुलामांच्या बाजारातूनच आले होते. निजामशाहीचा पुढचा आधारस्तंभ मलिक अंबर याला त्याच्या मायदेशातून नेऊन अरबस्तान आणि बगदादमार्गे एका हातातून दुसऱ्या हातात विकण्यात आले, आणि अखेरीस त्याला विकत घेणारा निजामशाहीचा पेशवा चंगेजखान हाही एके काळचा हबशी गुलामच होता. परंतु गुलामीतून वर आलेल्यांनी गुलामी संपविली नाही, ही या बेटाच्या इतिहासातील सर्वांत जड गोष्ट आहे. 1671 मध्ये होळीच्या रात्री सिद्द्यांनी मराठ्यांच्या ताब्यातील दंडा-राजपुरीवर हल्ला केला, तेव्हा दारूचे कोठार उडून मोठी हानी झाली. त्यानंतर शेजारच्या एका किल्ल्यातून अभयवचनावर बाहेर पडलेल्या सुमारे 700 लोकांची काय गत झाली, हे मोगलांचा इतिहासकार खाफीखान लिहून ठेवतो. वचन मोडून पुरुष मारले गेले, मुले आणि तरुण स्त्रिया गुलाम केल्या गेल्या, तर वृद्ध स्त्रियांना सोडून देण्यात आले. ओसाड वाड्यांमुळे हे बेट झपाटलेले वाटणे स्वाभाविक आहे, पण त्यासाठी भुताखेतांची गरज नाही. खाफीखानाची नोंद पुरेशी आहे.

शिवाजी महाराजांनी जवळच पद्मदुर्ग बांधून आणि संभाजी महाराजांनी 1682 मध्ये खाडीत दगडांची भर टाकून बेटापर्यंत वाट करण्याचा प्रयत्न करून जो संघर्ष दीर्घकाळ चालविला, त्यामागे केवळ व्यापारी मार्गांचा नव्हे, तर किनाऱ्यावरील रयतेच्या अशा लुटीचाही प्रश्न होता. 1948 मध्ये जंजिरा संस्थान भारतात विलीन झाले, त्यानंतर किल्ल्यातील वस्ती उठत गेली आणि गोड्या पाण्याचे तलाव व सुरूलखानाच्या वाड्याच्या उंच भिंती मागे उरल्या.

होडी महाद्वाराच्या अगदी जवळ येईपर्यंत ते बुरुजांच्या आड दिसत नाही, आणि आत शिरताना एका भिंतीवर चार पंजांत व शेपटीत हत्ती धरलेला वाघासारखा पशू कोरलेला आढळतो. सत्तेची ही खूण सर्वांनाच दाखविली जाते. राजपुरीजवळच्या खोकरी येथील सिद्दी सरदारांच्या घुमटबंद कबरी फारच थोडे प्रवासी पाहतात, आणि रामा पाटलाच्या कोळ्यांसाठी, 1671 मधील बंदिवानांसाठी किंवा तिमापासाठी किल्ल्याच्या फेरीत एकही थांबा नाही. असा थांबा स्थानिक मार्गदर्शकांनी आणि पुरातत्त्व खात्याने मिळून निर्माण करावा, इतके या बेटाच्या इतिहासाचे त्यांच्याकडे मागणे आहे.