चार हजार घोड्यांचं इंजिन

रेल्वेच्या फाटकाशी मालगाडी आडवी आली की आपण वाघिणी मोजत उभ्या राहतो. पुढच्या इंजिनाकडे फारसं कुणी बघत नाही. आज त्या इंजिनाबद्दल बोलू या. आपल्या देशात गेली पंचवीस वर्षं कोळसा, खनिज, सिमेंट आणि धान्य ओढणारं हे डिझेल इंजिन. रेल्वेच्या भाषेत त्याचं नाव डब्ल्यूडीजी-४. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी म्हणजे डिझेल, जी म्हणजे गुड्स, अर्थात माल, आणि ४ हा चार हजार अश्वशक्तीचा आकडा.

आधी एक गैरसमज दूर करू. आपल्याला वाटतं की ट्रकसारखं याचंही डिझेल इंजिन थेट चाकं फिरवत असेल. तसं नसतं. कोळशानं भरलेल्या ५८ वाघिणींचं वजन साडेचार हजार टनांच्या पुढे जातं. एवढं ओझं जागेवरून हलवायचं तर ट्रकसारखा क्लच जळूनच जाईल. म्हणून आतलं डिझेल इंजिन फक्त वीज तयार करतं. लग्नाच्या मांडवामागे जनरेटर असतो ना, तसाच, पण प्रचंड मोठा. ती वीज चाकांजवळच्या मोटारींना मिळते आणि चाकं फिरवतात त्या मोटारी. म्हणून याला डिझेल-इलेक्ट्रिक म्हणतात. स्वतःचं वीजघर स्वतःच घेऊन धावणारं हे इंजिन आहे.

ही पद्धत मालगाडीसाठी खरोखर चालेल का, याची मोठी परीक्षा अमेरिकेत १९३९ साली झाली. जनरल मोटर्सनं एफटी नावाचं चार भागांचं, ५,४०० अश्वशक्तीचं इंजिन तयार केलं आणि जवळजवळ वर्षभर देशातल्या वीस रेल्वे कंपन्यांच्या रुळांवर चालवून दाखवलं. वाफेच्या इंजिनाला पाणी लागे, कोळसा लागे, राख काढावी लागे, पेटवून तयार करायलाच काही तास जात. डिझेलला यातलं काही नको होतं. पुढच्या वीस वर्षांत अमेरिकेतली वाफेची इंजिनं जवळजवळ संपली.

आपल्याकडे हा बदल १९६२ च्या सुमारास आला. अमेरिकेतल्या अल्को कंपनीची २,६०० अश्वशक्तीची इंजिनं आली, ती डब्ल्यूडीएम-२. त्यांचं तंत्र घेऊन वाराणसीला डिझेल रेल्वे इंजिन कारखाना उभा राहिला. तिथलं पहिलं इंजिन जानेवारी १९६४ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते रुळांवर आलं. १९६९ मध्ये अमेरिकेतली मूळ अल्को कंपनी बंद पडली, पण आपल्याकडे तिची इंजिनं पुढे तीस वर्षं बनत राहिली. हात शिकले होते, म्हणून आपलं काम अडलं नाही.

पण भार वाढत गेला तशी जुन्या मोटारींची मर्यादा दिसू लागली. ती समजायला स्वयंपाकघरातला मिक्सर आठवा. चालू मिक्सरच्या खाचांतून आत डोकावलं तर बारीक ठिणग्या दिसतात. त्याच्या मोटारीत कार्बनचे ब्रश फिरत्या भागाला घासत असतात. काही वर्षांनी ते झिजतात आणि आपण बदलून आणतो. जुन्या इंजिनांच्या मोटारी याच जातीच्या होत्या. जास्त ओझं घेऊन हळू चालवलं की त्या तापायच्या, जळायची भीती असायची. आता पिठाच्या गिरणीची थ्री-फेज मोटार आठवा. तिला ब्रश नसतात. ती दणकट, देखभाल कमी. मग अशीच मोटार इंजिनाला आधीच का नाही लावली? कारण तिचा वेग विजेच्या लहरींवर अवलंबून असतो. गिरणीला एकाच वेगानं फिरायचं असतं, गाडीला मात्र शून्यापासून शंभरापर्यंतचा प्रत्येक वेग हवा. त्यासाठी विजेच्या लहरी हव्या तशा कमी-जास्त करणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र लागतं, आणि एवढी शक्ती पेलणारं यंत्र तयार व्हायला विसाव्या शतकाची अखेर उजाडली.

अमेरिकेत १९९३ पासून अशी इंजिनं कोळशाच्या गाड्यांना लागली. जिथं जुनी पाच इंजिनं जोडावी लागत, तिथं नवी तीन पुरली. आपल्या रेल्वेनं १९९५ मध्ये जनरल मोटर्सशी करार केला. तो २१ इंजिनांचा होता. त्यांतली तेरा तयार आली आणि आठ सुट्या भागांच्या रूपात. सोबत ती बनवण्याचं ज्ञानही घेतलं. १९९९ मध्ये ही इंजिनं हुबळीच्या शेडमध्ये दाखल झाली, २००२ पासून वाराणसीत बनू लागली आणि पुढे त्यांची संख्या हजारावर गेली.

हुबळीपासून जवळच त्यांची खरी कसोटी होती. कॅसलरॉकहून गोव्यातल्या कुळ्यापर्यंत उतरणारा, दूधसागर धबधब्याजवळून जाणारा घाट. इथं ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर चढ. पावसाळ्यात ओल्या रुळांवर लोखंडी चाकं घसरतात. नव्या इंजिनातला संगणक चाक किती घसरतंय ते सतत पाहून मोटारीचा जोर सावरतो. उतरताना तर आणखी वेगळी गंमत आहे. तेव्हा मोटारी उलट काम करतात, चाकांच्या फिरण्यातून वीज तयार करतात आणि गाडीला मागे धरून ठेवतात. ती वीज उष्णता होऊन हवेत सोडली जाते. मुरगाव बंदराकडे खनिज उतरवायचं आणि बंदरातून कोळसा वर चढवायचा, असं काम या घाटात चाललं. याच कोळशाच्या धुळीवरून आणि मोलेच्या जंगलातून दुसरा लोहमार्ग टाकण्यावरून २०२० साली गोव्यातली माणसं रस्त्यावर उतरली. ओढायची ताकद वाढली की काय ओढायचं, कुणाच्या दारावरून ओढायचं, हे प्रश्नही येतात.

आणि आत बसणाऱ्या माणसाचं काय? सुरुवातीच्या डब्ल्यूडीजी-४ मध्ये चालकाची केबिन एकाच टोकाला होती. इंजिन उलटं लागलं की लांबलचक धडापलीकडे बघत गाडी हाकावी लागे. एका बाजूचा सिग्नल दिसतच नसे, सहाय्यक ओरडून सांगायचा. दोन्ही टोकांना केबिन असलेला प्रकार २०१२ मध्ये आला. म्हणजे ओझ्याचा विचार आधी झाला, डोळ्यांचा विचार तेरा वर्षांनी.

मैत्रिणींनो, या केबिनमध्ये आपल्या बायकाही आहेत. साताऱ्याच्या सुरेखा यादव ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस सहाय्यक चालक झाल्या. देशातल्या त्या पहिल्या महिला रेल्वेचालक. प्रवासी गाड्यांच्या आधी त्यांनीही मालगाडीच चालवली. मुंबईच्या मुमताज काझी १९९१ मध्ये रेल्वेत आल्या. डिझेल इंजिन चालवणारी आशियातली पहिली स्त्री म्हणून त्यांची नोंद झाली आणि २०१७ मध्ये त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते नारीशक्ती पुरस्कार मिळाला. त्यांचं कौतुक आपण सगळ्यांनी केलं. पण बहुतेक इंजिनांत आजही शौचालय नाही. मालगाडीला ठरलेलं वेळापत्रक नसतं, आडरानातल्या सिग्नलला तासन्‌तास थांबावं लागतं. मासिक पाळीच्या दिवसांत, गरोदरपणात काय करायचं? यासाठी या बायका रेल्वेकडे वर्षानुवर्षं मागणी करत आल्या आहेत. ज्या इंजिनात सहा हजार लिटर डिझेलची टाकी बसते, त्यात एका माणसाच्या गरजेपुरती जागा सापडत नाही, हे पटण्यासारखं नाही.

आता मार्गांचं विद्युतीकरण होतंय. कोकण रेल्वेचा सगळा मार्ग २०२२ मध्ये विजेवर गेला. वाराणसीचा कारखाना आता विजेची इंजिनं बनवतो. त्याच्या नावातला डिझेल हा शब्दही २०२० मध्ये गेला. पण मालगाड्यांच्या आजच्या विजेच्या इंजिनांतही मोटार गिरणीच्याच जातीची आहे. ती दुरुस्त करायला शिकलेले हात डिझेलबरोबर निकामी होणार नाहीत.

तुमच्या घरात, शेजारीपाजारी दहावी होऊन आयटीआय करणारी मुलगी असेल, तर तिला सांगा: सहाय्यक लोको पायलटची भरती निघते, फिटर, इलेक्ट्रिशियन, डिझेल मेकॅनिक हे ट्रेड तिथं चालतात. अर्ज जरूर कर म्हणावं. आणि केबिनमध्ये शौचालय हवं ही मागणी ती तिथं पोचण्याआधीच आपण लावून धरू या.