कानात सतत ‘सूंऽऽ’ आवाज येतोय? इअरप्लग कोणता घ्यायचा, डॉक्टरकडे कधी जायचं, जाणून घ्या

मिरा-भाईंदर : भाईंदर पूर्वेला स्टीलची भांडी बनवणारे छोटे-मोठे कारखाने आहेत. पॉवर प्रेसचे ठोके आणि पॉलिशच्या मशीनची घरघर तिथे दिवसभर चालू असते. उत्तनच्या बोटीत तासन्‌तास डिझेल इंजिन धडधडतं. गावाकडे भाताची गिरणी आणि मळणीयंत्र, सणासुदीला डीजे. ‘सवय झालीये, आता काही वाटत नाही,’ असं बरेच जण म्हणतात. पण कानाला आवाजाची सवय होत नसते. ऐकू कमी यायला लागतं, म्हणून त्रास वाटेनासा होतो.

कानाचं नेमकं काय बिघडतं?

आतल्या कानात केसासारख्या सुमारे १५ हजार बारीक पेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. बऱ्याचदा पहिली खूण म्हणजे कानात शिट्टी, गुणगुण किंवा रातकिड्यासारखा आवाज. यालाच टिनिटस किंवा कर्णनाद म्हणतात. काम संपल्यावर काही तास गुणगुण राहिली आणि सकाळी गेली, तरी तो इशाराच समजा.

किती आवाज जास्त?

साधी परीक्षा अशी : हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल, तर आवाज साधारण ८५ डेसिबलच्या वर आहे. ८५ डेसिबलला ८ तास ही मर्यादा जगभर धरली जाते. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते.

- ८८ डेसिबल : ४ तास
- ९१ डेसिबल : २ तास
- ९४ डेसिबल : १ तास
- १०० डेसिबल : फक्त १५ मिनिटं

आपल्याकडच्या कारखाना नियमांत ८ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे. म्हणजे नियम पाळणाऱ्या कारखान्यातही कान जपावाच लागतो. मोबाईलवरचं आवाज मोजायचं ॲप अंदाजापुरतं चालतं.

कोणाला काय बरं पडेल?

- फोमचा इअरप्लग : स्वस्त आणि आवाज चांगला अडवणारा. स्वच्छ हातांनी वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढा, प्लग आत घाला आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवा. अर्धवट बसला तर काही उपयोग नाही.
- दोरीचा सिलिकॉन प्लग : धुऊन पुन्हा वापरता येतो. वळावा लागत नाही, त्यामुळे तेलकट, काळ्या हातांच्या कामाला हा बरा. घालताना फक्त देठाला धरा.
- इअरमफ : पूर्ण कान झाकणारा. ग्राइंडर किंवा गिरणीसारख्या थांबून-थांबून चालणाऱ्या कामाला उत्तम. चष्म्याच्या काडीमुळे फट राहते, ते बघून घ्या. लहान मुलांना मिरवणुकीत न्यायचंच असेल तर त्यांच्या मापाचा मफ घाला.
- कापसाचा बोळा : याने फारसा आवाज अडत नाही. त्यावर विसंबू नका.
- मोबाईलचा इअरफोन : गोंगाटात गाणी मोठी करून ऐकणं म्हणजे कानाला दुप्पट मार.

बोटीवर मात्र सगळ्यांनी एकदम कान बंद करू नयेत. हाक आणि भोंगा ऐकू येणं जिवाचं काम आहे. इंजिनाजवळ बसणाऱ्याने मफ घालावा आणि पाळी बदलत राहावी. इंजिनाचा सायलेन्सर फुटला असेल तर तो आधी दुरुस्त करावा.

पाकिटावरचा आकडा कसा वाचायचा?

पाकिटावर ‘एनआरआर’ असा आकडा असतो. समजा २९ आहे, तर आवाज २९ ने कमी होतो असं नाही. ढोबळ हिशेब असा : ७ वजा करा, उरलेल्याचं निम्मं करा. म्हणजे प्रत्यक्षात ११. ९८ डेसिबलचा आवाज ८७ वर येईल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ८ तासांच्या पाळीत फक्त अर्धा तास प्लग काढून गोंगाटात राहिलात, तर प्लग कितीही भारी असो, फायदा १२ डेसिबलच्या पुढे जात नाही. म्हणून महागडा प्लग शोधण्यापेक्षा पाळीभर कानात राहील असा सोयीचा प्लग घ्या.

गुणगुण सुरू झालीच असेल तर?

आधी कान तपासून घ्या. कधी नुसता मळ साचलेला असतो, कधी एखाद्या औषधाचा परिणाम असतो. मात्र औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका. कानात गरम तेल किंवा काडी घालू नका.

आवाजामुळे आलेला कर्णनाद पूर्ण घालवणारी गोळी आजतरी नाही. पण त्रास कमी करता येतो :

- रात्री अगदी शांततेत झोपू नका. पंखा किंवा हळू आवाजातला रेडिओ चालू ठेवा.
- ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राने गुणगुणही बऱ्याच जणांची कमी होते.
- शांत जागी प्लग घालून बसू नका, आतला आवाज जास्त जाणवतो.
- झोप उडाली, चिडचिड वाढली, मन खचलं तर टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला. समुपदेशनाचा चांगला उपयोग होतो.

लगेच डॉक्टर गाठा, जर...

- अचानक एका कानाने ऐकू येईनासं झालं. त्याच दिवशी जा. पहिल्या काही दिवसांतच उपचारांचा खरा फायदा होतो.
- एकाच कानात आवाज येतोय किंवा नाडीच्या ठोक्यासारखा येतोय.
- चक्कर येतेय, कान वाहतोय किंवा तोंड वाकडं झालंय.

तपासणी कुठे?

भाईंदर पश्चिमेला भारतरत्न पंडित भीमसेन जोशी रुग्णालय आहे. कान-नाक-घसा तज्ज्ञ कोणत्या दिवशी बसतात ते आधी विचारून जा. ऐकण्याची सविस्तर तपासणी आणि श्रवणयंत्रासाठी वांद्रे रेक्लेमेशनला अली यावर जंग ही केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था आहे. भाईंदरहून चर्चगेट लोकलने वांद्र्याला उतरायचं.

कामगारांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. आवाजाने आलेलं बहिरेपण हा कायद्याने मान्य केलेला व्यवसायजन्य आजार आहे. ईएसआयसीचं कार्ड असेल तर दवाखान्यात कामाचं स्वरूप आणि किती वर्षं काम केलं ते स्पष्ट सांगा, तपासणीचे कागद जपून ठेवा. रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकरला बंदी असते. सणांचे काही ठरावीक दिवस सरकार १२ पर्यंत सूट देतं. त्यानंतरही डीजे चालू असेल तर ११२ वर तक्रार करता येते.